रिकंडिशन्ड एक्सल बसवला तरी पुन्हा कटकट: दोष एक्सलचा, फिटिंगचा की गाडीचा?

गाडी वळवताना पुढच्या चाकातून कटकट येऊ लागली, एक्सलच्या सांध्यावरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटलेला निघाला, गॅरेजमध्ये रिकंडिशन्ड एक्सल बसवून घेतला. काही महिने शांततेत गेले आणि पुन्हा तोच आवाज. कधी आवाज नसतो, पण चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडीचं नाक थरथरतं. दुसरा रिकंडिशन्ड एक्सल आणला, तोही तसाच निघाला. स्विफ्ट, वॅगनआर, आय-टेन, अर्टिगा अशा पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत ही तक्रार वारंवार येते आणि बहुतेक वेळा ‘रिकंडिशन्ड माल असाच असतो’ एवढ्यावर चौकशी थांबते. तिथे थांबू नका. नीट केलेला रिकंडिशन्ड एक्सल वर्षानुवर्षं चालतो, नुसता धुऊन रंगवलेला चालत नाही, आणि हा फरक पैसे देण्याआधी काउंटरवरच बराचसा ओळखता येतो. उरलेल्या प्रकरणांत एक्सल चांगला असतो, गाडीतलंच दुसरं काहीतरी त्याला खात असतं.

एक्सल म्हणजे इथे गिअरबॉक्सपासून पुढच्या चाकापर्यंतचा अख्खा ड्राइव्ह शाफ्ट, दोन्ही टोकांच्या सीव्ही जॉइंटसकट, म्हणजे वाकलेल्या कोनातही सारख्या वेगाने फिरणाऱ्या सांध्यांसकट. ओम्नी, ईको किंवा टू-व्हील-ड्राइव्ह बोलेरो यांना पुढे असे शाफ्ट नसतात, त्यामुळे त्यांच्या आवाजांची कारणं वेगळी.

आत काय झिजतं

चाकाकडचा बाहेरचा जॉइंट बहुतेक गाड्यांत सहा छर्ऱ्यांचा असतो. फोर्डमधले इंजिनिअर अल्फ्रेड रझेप्पा यांनी १९२० च्या दशकात काढलेली ही रचना. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि असे जॉइंट आपल्याकडच्या गल्लोगल्लीच्या गॅरेजांत पोचले. बाहेरचा कप, आतली रेस, त्या दोन्हींवर कोरलेल्या सहा-सहा वक्र खाचा, आणि छर्ऱ्यांना एका पातळीत धरून ठेवणारी जाळी, म्हणजे केज. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की हा जॉइंट ४५ अंशांहून अधिक कोनात फिरू शकतो.

गिअरबॉक्सकडचा आतला जॉइंट बहुधा ट्रायपॉड असतो: तीन पायांवर तीन रोलर, त्यांच्या आत सुईसारख्या बारीक रोलरांचं बेअरिंग, आणि ते रोलर ज्यात मागेपुढे सरकतात तो तीन खाचांचा ट्यूलिप. चाक वरखाली झालं की शाफ्टची लांबी कमीजास्त व्हावी लागते. ती सोय इथे असते.

खाचांचा पृष्ठभाग तापवून कडक केलेला असतो, रॉकवेल सी मापावर साधारण ५८ ते ६२. पण हा कडकपणा वरच्या एक-दोन मिलिमीटरच्या थरापुरताच. खालचं पोलाद मऊ आणि चिवट असतं, कारण संपूर्ण कप काचेसारखा कडक असता तर खड्ड्यात पहिल्याच दणक्याला तडकला असता. रिकंडिशनिंगचा सगळा खेळ या पातळ थरावर आहे. बूट फाटून माती गेली, ग्रीस उडून गेलं, की छर्रे ठरावीक जागी खाचेत घळ पाडतात. ही घळ काढायची तर खाच ग्राइंड करावी लागते, आणि जास्त घासली की कडक थरच निघून जातो. मग जॉइंट पहिल्या दिवशी नव्यासारखा वाटतो आणि पहिल्या पावसाळ्यातच मऊ पोलादावर खड्डे पडायला लागतात.

‘रिकंडिशन्ड’ या पाटीखाली तीन प्रकारचा माल

पहिला प्रकार खरा. शाफ्ट पूर्ण सुटा करतात, धुतात, खाचा आणि केजच्या खिडक्या मोजतात, मर्यादेपलीकडे झिजलेले भाग भंगारात टाकतात. उरलेल्यांच्या खाचा मोजून ग्राइंड करतात, तेवढ्याच वाढीव मापाचे सहा सारखे छर्रे घालतात, नवे बूट, नवं ग्रीस, नव्या क्लिपा, नवे सर्क्लिप (शाफ्ट जागेवर अडकवून धरणाऱ्या रिंगा) लावतात. दुसऱ्या प्रकारात मापं घेतलीच जात नाहीत. चार जुन्या जॉइंटांमधले ‘बरे’ दिसणारे कप, रेस आणि केज एकत्र करून एक जॉइंट बनवतात. एकमेकांबरोबर झिजलेले भाग वेगळे होतात आणि परक्या भागांशी त्यांचं कधीच जमत नाही. तिसरा प्रकार म्हणजे डिझेलने धुतलेला, काळा रंग मारलेला, नवा बूट चढवलेला जुना शाफ्ट.

तिसऱ्या प्रकारातली एक युक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. गाडी पुढे जाताना छर्रे खाचेच्या एकाच भिंतीवर जोर देतात, त्यामुळे झीज मुख्यतः त्याच भिंतीला होते. डावीकडचा बाहेरचा जॉइंट उजव्या शाफ्टवर चढवला की जोर समोरच्या, न झिजलेल्या भिंतीवर येतो आणि आवाज गायब होतो. आतली घळ मात्र जागेवरच असते. झीज झाकली जाते, दुरुस्त होत नाही. हे पकडायची खात्रीची चाचणी पुढे दिली आहे, आणि ती रिव्हर्स गिअरमध्ये करायची असते.

काउंटरवर काय बघायचं

पुण्यात नाना पेठ असो, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड असो किंवा तालुक्याच्या गावातलं पार्टचं दुकान, जाताना जुना शाफ्ट सोबत न्या. फोटोवर आणि ‘स्विफ्टचाच आहे’ या शब्दावर शाफ्ट घेऊ नका. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाडीचे, मॅन्युअल आणि ऑटोमॅटिकचे, एबीएस (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या आणि नसलेल्या गाडीचे शाफ्ट वेगळे असू शकतात. स्विफ्टचं १.३ लिटर डिझेल इंजिन १९० न्यूटन-मीटर टॉर्क देत असे, १.२ लिटर पेट्रोल ११५ च्या आसपास. पहिल्या गिअरमध्ये हा जोर दहापटीहून अधिक होऊन दोन शाफ्टांवर वाटला जातो. पेट्रोल गाडीचा सांधा डिझेलवर बसला तरी तो तेवढ्या ओझ्यासाठी केलेला नसतो.

दोन्ही शाफ्ट शेजारी-शेजारी जमिनीवर ठेवा. आधी दोन्ही टोकांच्या स्प्लाइनचे, म्हणजे टोकावरच्या दातेरी भागाचे, दात मोजा, खडूने एका दातावर खूण करून, म्हणजे चूक होत नाही. मग लांबी. आतला जॉइंट पूर्ण दाबून एकदा मोजा आणि बेताने ओढून एकदा, पण झटका देऊ नका, नाहीतर रोलर ट्यूलिपबाहेर येतील. शाफ्ट लांब असेल तर खड्ड्यात चाक वर येताना तो आत आपटतो आणि तो दणका डिफरन्शियलच्या (गिअरबॉक्समधला, दोन्ही चाकांना जोर वाटून देणारा भाग) बेअरिंगला बसतो. आखूड असेल तर पूर्ण वळणात रोलर खाचेच्या कडेला येतात. मधल्या दांड्याची जाडी पाहा. जुन्या शाफ्टवर मधोमध रबरात बसवलेलं वजन, म्हणजे डॅम्पर असेल, तर नव्यावर त्याच जागी ते हवंच. लांब बाजूच्या शाफ्टवर हा डॅम्पर अनेकदा असतो आणि स्वस्त मालात तो गाळतात. परिणाम असा की एका ठरावीक वेगाला स्टिअरिंगमध्ये गुणगुण येते आणि माणूस टायर बॅलन्सिंगवर पैसे घालवत राहतो.

आता रंग. जाड चकचकीत काळा रंग बघून खूश होऊ नका, तो कुठे लागलाय ते बघा. स्प्लाइनवर रंग असेल तर हबचा (चाक ज्यावर बसतं तो भाग) नट आवळताना तो दबतो, नंतर घासून निघतो आणि आवळलेला नट ढिला पडतो. गिअरबॉक्सचं ऑइल सील ज्या गुळगुळीत पट्टीवर बसतं तिथे रंग, गंज किंवा ओरखडा नको. त्या पट्टीवरून नख आडवं फिरवा. सीलने पाडलेल्या चरात नख अडकलं तर नवं सील घालूनही गिअर ऑइल झिरपणार. मधल्या दांड्यावर रंगाखाली गंजाचे खड्डे जाणवतात का, ते बोटांनी चाचपा. पीळ सोसणाऱ्या दांड्यात तडा अशाच खड्ड्यातून सुरू होतो. दांड्यावर किंवा स्टबवर, म्हणजे हबमध्ये किंवा गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या टोकावर, वेल्डिंगची खूण दिसली तर पुढे बोलूच नका, शाफ्ट परत करा. वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचा कडकपणा जातो.

एबीएसची दातेरी रिंग बाहेरच्या जॉइंटवर असेल तर तिचे दात मोजा आणि रिंग हाताने फिरते का बघा. कोकण-गोव्याच्या दमट, खाऱ्या हवेत रिंगखाली गंज फुगतो आणि रिंगला बारीक तडा जातो. एवढ्या तड्याने चाकाचा वेग चुकीचा वाचला जातो आणि कमी वेगात, ब्रेक न मारताही, एबीएस थरथरतं किंवा दिवा लागतो. नव्या गाड्यांत अनेकदा ही खूण चाकाच्या बेअरिंगमध्ये चुंबकी पट्टीच्या रूपात असते, शाफ्टवर रिंग नसतेच. तेव्हा ‘याच्यावर रिंग नाही’ म्हणून घाबरायला नको. जुन्यासारखा आहे ना, एवढंच महत्त्वाचं.

यानंतर खरी परीक्षा, जॉइंट हातात घेऊन. शक्य असेल तर दांडा वाइसमध्ये धरा, जबड्यात कापड किंवा अ‍ॅल्युमिनियमची पट्टी घालून. बाहेरचा कप दोन्ही हातांनी पकडून डावी-उजवीकडे झटके देत पिळा. चांगल्या जॉइंटमध्ये पिळण्याला ढिलाई जवळजवळ नसते. ‘टक’ असा धक्का हाताला जाणवला तर तो रस्त्यावर शंभरपट जाणवेल. घट्ट ग्रीस ठासून ही ढिलाई लपवता येते, म्हणून हळू दाबून नका बघू, झटक्याने पिळा. मग कप पूर्ण कोनात वाकवून सावकाश एक फेरा फिरवा. चाल सगळीकडे सारखी, थोडी आवळ पण गुळगुळीत लागली पाहिजे. एका जागी अडकून पुढे ‘सुटत’ असेल तर केजची खिडकी झिजलेली आहे किंवा एक छर्रा वेगळ्या मापाचा आहे. संपूर्ण फेऱ्यात फारच घट्ट असेल तर न ग्राइंड केलेल्या खाचांत मोठे छर्रे ठोकलेत. असा जॉइंट सुरुवातीला बिनआवाजी असतो, पण तापतो आणि ग्रीस जाळतो.

आतल्या जॉइंटला वेगळं तपासायचं. दांडा आत-बाहेर सरकवा. सरक मऊ हवी, मध्येच पायरी लागू नये. गाडी सरळ चालताना रोलर ट्यूलिपच्या एकाच जागी राहतात, त्यामुळे झीज तिथेच साचते. सरकवताना एका बिंदूवर रोलर खळीत बसल्यासारखा वाटला तर तो ट्यूलिप गेलेला आहे. आतल्या जॉइंटकडे दुकानदार आणि मेकॅनिक दोघांचंही दुर्लक्ष होतं, कारण तो वळणावर वाजत नाही. अनेक रिकंडिशन्ड शाफ्टांत बाहेरचा जॉइंट नवा आणि आतला जसाच्या तसा असतो. दुकानदाराला थेट विचारा: ‘आतला ट्यूलिप बदललाय की तोच आहे?’

जॉइंट उघडून दाखवायला दुकानदार तयार असेल, आणि चांगले रिबिल्डर तयार असतात, तर कानस सोबत ठेवा. छर्रा जिथे पोचत नाही अशा खाचेच्या अगदी बाहेरच्या टोकावर कानस हलकी फिरवा. कडक पोलादावर ती घसरते, कीस निघत नाही. कानस धरली आणि कीस निघाला तर थर गेलेला आहे. छर्रे फिरतात त्या जागेवर मात्र कानस लावायची नाही.

बूट आणि ग्रीस

नवा बूट सगळ्यांच्याच मालावर असतो, म्हणून तो आहे एवढ्याने काही सिद्ध होत नाही. घडी दाबून बघा. मऊ काळं निओप्रीन रबर आणि थोडं कडक, प्लास्टिकसारखं वाटणारं टीपीई, दोन्ही चालतात. टीपीई उन्हाला, दगडांना आणि फाटण्याला जास्त टिकतं, पण त्याला मजबूत आवळणाऱ्या पोलादी क्लिपा लागतात. टीपीईच्या बुटावर हाताने वळवलेली पातळ पत्र्याची पट्टी असेल तर काही दिवसांत ग्रीस रिमच्या आतल्या बाजूला शिंतोडलेलं दिसेल. प्लास्टिकचा केबल टाय तर कुठल्याच बुटाला चालत नाही. बुटाचं लहान तोंड दांड्यावरच्या खाचेतच बसलेलं हवं आणि घड्या सगळीकडे सारख्या हव्यात. एका बाजूने आत ओढलेल्या घडीचा अर्थ क्लिप लावताना आतली हवा काढलेली नाही. अशी घडी स्वतःवरच घासत राहते आणि फाटते.

बाहेरच्या जॉइंटला मॉलिब्डेनम डायसल्फाइड असलेलं लिथियम ग्रीस लागतं, रंगाने काळसर राखाडी. खाचेत छर्रा नुसता लोळत नाही, घसरतोही. प्रचंड दाबाखाली घसरताना मॉलीचा थर पोलादाला वाचवतो. व्हील बेअरिंगचं किंवा चॅसिसचं पिवळं ग्रीस इथे पुरत नाही. काळा रंग पाहून ‘ग्रीस जुनं आहे’ असं मात्र ठरवू नका. लहान तोंडाची क्लिप सैल करून स्वच्छ काडीने थोडं ग्रीस काढा आणि बोटांत चोळा. लोण्यासारखं गुळगुळीत असेल तर ठीक. कणकण लागली किंवा उन्हात धातूची चमक दिसली तर जुनंच ग्रीस आहे. आतल्या ट्रायपॉडला अनेक कंपन्या वेगळ्या जातीचं ग्रीस देतात. पॉलियुरिया आणि लिथियम ग्रीस एकत्र केली तर दोन्ही पातळ होऊन वाहू शकतात, म्हणून उरलेलं ग्रीस ‘वाया जाऊ नये’ म्हणून दुसऱ्या टोकाला भरू नका. लहान गाडीच्या एका जॉइंटला साधारण ८० ते १२० ग्रॅम लागतं, नेमका आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. त्यातलं अर्ध्याहून अधिक आधी जॉइंटच्या आत दाबून भरायचं, उरलेलं बुटात. सगळं बुटात ओतलेलं ग्रीस छर्ऱ्यांपर्यंत पोचतच नाही.

गाडीवर बसवल्यावर दोष कुठला, हे कसं ओळखायचं

मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवा, पहिल्या गिअरमध्ये ताशी १० किलोमीटरच्या आसपास गोल फिरा, मध्येच थोडा अ‍ॅक्सिलरेटर द्या. मग उजवीकडे. मग हेच रिव्हर्समध्ये, दोन्ही बाजूंनी. पुढे जाताना शांत आणि रिव्हर्समध्ये कटकट, याचा अर्थ वर सांगितलेली डावी-उजवी अदलाबदल झालेली असण्याची दाट शक्यता आहे. दुकानदाराला हे दाखवा, यावर वाद घालायला जागा राहत नाही.

आवाजाची लय ऐका. १६५/८० आर १४ मापाच्या टायरचा घेर साधारण १.९ मीटर, म्हणजे ताशी १० किलोमीटरला चाक सेकंदाला सुमारे दीड फेरा घेतं. तेवढ्याच लयीत एक-एक ‘टक’ येत असेल तर सहापैकी एकच खाच खराब आहे. भराभर कडकड येत असेल तर अनेक खाचा गेल्या आहेत. वळणाच्या उलट बाजूच्या चाकाचा जॉइंट जास्त वाजतो असा अनुभव सहसा येतो, पण त्यावरच शाफ्ट बदलू नका. काच खाली करून, सोबतच्या माणसाला सुरक्षित अंतरावरून बाजूने चालत ऐकायला सांगा.

सरळ रस्त्यावर ४० ते ८० च्या वेगात, जोर देताना थरथर आणि पाय काढला की बंद, हे लक्षण आतल्या जॉइंटचं. टायरचं असंतुलन पाय काढल्यावरही राहतं, गाडी न्यूट्रलला आणली तरी राहतं. आणखी खात्री हवी तर फोनमधलं कंपन मोजणारं अ‍ॅप वापरा. फोन डॅशबोर्डवर घट्ट बसवायचा आणि आकडे सोबतच्याने बघायचे, चालवणाऱ्याने नाही. ताशी ६० ला वर सांगितलेल्या टायरचे सेकंदाला साडेआठ फेरे होतात. असंतुलन असेल तर कंपन साडेआठ हर्ट्झच्या आसपास दिसेल. ट्रायपॉडला तीन रोलर असल्यामुळे त्याचं कंपन तिप्पट, २५-२६ हर्ट्झला दिसेल. चार ठिकाणी बॅलन्सिंग करून न सुटलेला प्रश्न या एका आकड्याने सुटतो.

जागेवरून निघताना एकच ‘टक’ आणि रिव्हर्स घेतल्यावर पुन्हा एकच ‘टक’ येत असेल तर शाफ्टला दोष देण्याआधी हबचा नट आणि स्प्लाइन बघा. हबच्या तोंडाशी जॉइंट किंचित सरकून हा आवाज येतो. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना येणारा कटकट आवाज तर बहुधा स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा खांब) वरच्या माउंटचा असतो. चाक फिरत नसताना सीव्ही जॉइंट वाजण्याचं काही कारण नाही.

एक चूक गॅरेजांत सर्रास होते. गाडी जॅकवर चढवून, चाकं लोंबकळत ठेवून गिअर टाकायचा आणि आवाज ऐकायचा. लोंबकळत्या चाकाने आतला जॉइंट नेहमीपेक्षा खूप जास्त कोनात जातो आणि चांगला शाफ्टही खडखडतो. अशी तपासणी करायचीच तर आधार लोअर आर्मखाली (चाकाला खालून धरणारा सस्पेन्शनचा दांडा) द्या, म्हणजे कोन रस्त्यावरच्यासारखा राहील. गाडी फक्त जॅकवर असताना मात्र चाकं फिरवू नका, स्टँड पक्के असल्याशिवाय गिअर टाकू नका.

शाफ्ट चांगला, तरीही परत बिघाड

दुसरा शाफ्टही त्याच बाजूला, त्याच लक्षणांनी गेला तर तिसरा विकत घेण्याआधी गाडी तपासा.

सगळ्यात आधी स्प्रिंगमधले स्पेसर. आपल्याकडचे स्पीड-ब्रेकर आणि गावाकडचे रस्ते यांमुळे गाडी उंच करायला लोक स्प्रिंगमध्ये रबरी किंवा प्लास्टिकचे बफर घालतात. पुढची उंची वाढली की आतला जॉइंट कायम जास्त कोनात चालतो. ट्रायपॉड तेवढ्या कोनात जोर देताना थरथरतोच, मग शाफ्ट कंपनीचा नवाकोरा का असेना. स्पेसर काढून एक फेरी मारा. थरथर गेली तर उत्तर मिळालं.

दुसरं इंजिन माउंट. फाटलेल्या माउंटमुळे इंजिन-गिअरबॉक्स खाली किंवा एका बाजूला बसतं, दोन्ही शाफ्टांचे कोन बदलतात. हँडब्रेक ओढून, ब्रेक दाबून, कोणालाही गाडीसमोर उभं न करता क्लच अर्धा सोडा आणि बॉनेट उघडं ठेवून बाजूने बघायला सांगा. इंजिन ठळक उडत असेल तर माउंट आधी बदला. तिसरं, लोअर आर्मचे बुश आणि व्हील बेअरिंग. चौथं, डिफरन्शियलच्या बाजूच्या बेअरिंगमधली ढिलाई. शाफ्ट काढल्यावर आतला स्टब वरखाली हलवून बघा, नवं सील घालूनही तेल गळण्याचं कारण बऱ्याचदा इथेच सापडतं.

फिटिंगमध्ये शाफ्ट मारला जातो तो असा

बाहेरचा जॉइंट हबमधून काढताना हातोडीने थेट स्टबवर ठोकायचं नाही. ठोकावं लागलंच तर जुना नट दोन-चार आटे फिरवून ठेवा आणि पितळी दांड्याने ठोका, शक्य असल्यास पुलर वापरा. दांडा धरून शाफ्ट गिअरबॉक्समधून ओढायचा नाही, रोलर ट्यूलिपबाहेर येतात आणि बूट फाटतो. टॉमी (पहारेसारखा लोखंडी दांडा) गिअरबॉक्स आणि आतल्या जॉइंटच्या कपाच्या मध्ये लावून सर्क्लिप सोडवा. शाफ्ट एका टोकाने लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा. आतल्या टोकाचा सर्क्लिप नवा घाला आणि बसल्याचा ‘टक’ ऐकल्यावर कप धरून बाहेर ओढून खात्री करा. नवं सील घाला, त्याच्या ओठावर थोडं गिअर ऑइल लावा, शाफ्ट आत घालताना स्प्लाइनने ओठ कापणार नाही अशी काळजी घ्या.

हबचा नट नेहमी नवा. लहान गाड्यांत त्याचा टॉर्क साधारण १५० ते २५० न्यूटन-मीटरच्या पट्ट्यात असतो आणि गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा टॉर्क रेंचनेच लावायचा. इम्पॅक्ट गनने ‘बसला तेवढा’ आवळलेला नट एक तर बेअरिंग मारतो किंवा काही आठवड्यांत ढिला पडतो. अनेक गाड्यांत व्हील बेअरिंगला आवळून धरायचं काम हाच नट करतो, म्हणून नट सैल असताना गाडी चाकांवर उतरवून ढकलू नका. शेवटचा टॉर्क देऊन झाल्यावर नटाचा काठ स्टबच्या खाचेत ठोकून लॉक करा आणि नट-स्टबवर ऑइल पेंटने एक आडवी रेघ मारा. पुढे कधीही रेघ तुटलेली दिसली तर नट फिरला आहे. शाफ्ट काढताना गिअर ऑइल सांडतं. पातळी भरल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.

पहिल्या ५० किलोमीटरनंतर रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे आणि गिअरबॉक्सच्या सीलखाली ओल बघा. लांबचा फेरा मारून आल्यावर दोन्ही बाजूंच्या बाहेरच्या जॉइंटचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने घ्या. ब्रेक फारसे न वापरता आलेल्या गाडीत दोन्ही बाजू जवळपास सारख्या असतात. नवी बाजू स्पष्टपणे जास्त तापत असेल तर मोठ्या छर्ऱ्यांचा संशय घ्या, आणि वॉरंटी असेपर्यंतच परत जा. बिलावर गाडीचं मॉडेल, इंधन, बाजू, तारीख आणि वॉरंटी शाफ्टपुरती आहे की मजुरीसकट, हे लिहून घेतलेलं असेल तर तिथे बोलणं सोपं जातं.

एक गोष्ट मात्र आधीच ठरवून ठेवा: जुना शाफ्ट एक्सचेंजमध्ये लगेच देऊ नका. तो कंपनीचा मूळ शाफ्ट असेल, दांडा बिनगंजाचा असेल आणि आतला ट्यूलिप नखाला गुळगुळीत लागत असेल, तर त्यावर चांगल्या बनावटीचा नवा बाहेरचा जॉइंट, दोन्ही नवे बूट, क्लिपा आणि योग्य ग्रीस घालून घेणं हा अनोळखी रिकंडिशन्ड शाफ्टपेक्षा बहुतेक वेळा चांगला सौदा असतो. बाहेरचा जॉइंट बूट-ग्रीससकट किटच्या रूपात सुटा मिळतो, दात आणि एबीएस रिंग जुन्याशी जुळवून घ्यायची. आतला ट्यूलिपही गेला असेल तरच अख्खा शाफ्ट शोधायला निघा, आणि जुना देताना नवा आधी गाडीवर चालवून, रिव्हर्सची चाचणी घेऊन मगच द्या.